ईमेलमधील अक्षरांचा घोळ आणि ऑर्डरमधले आकडे

दुबईच्या व्यापाऱ्याचे अरबी ईमेल उघडावे, तर पडद्यावर तिरक्या रेघेने कापलेले इंग्रजी ओ आणि डोक्यावर रेघ असलेले यू यांची रांग! काही व्यापारी बांधव व्हायरस समजून असे ईमेल पुसून टाकतात. आमचे सांगणे एवढेच की पुसू नका, त्यात ऑर्डर असू शकते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता पाठविणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच हवा. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की तक्त्यात अवघ्या १२८ जागा होत्या. त्यात इंग्रजी बसली. अरबी, उर्दू, मराठी बाहेर राहिल्या. १९८२ चे ईमेलचे नियमही तेवढ्यापुरतेच होते. मग अरबीसाठी विंडोज-१२५६, भारतीय लिपींसाठी १९९१ चा इस्की, असे वेगवेगळे तक्ते झाले. आज युनिकोडमध्ये या साऱ्या लिपी आहेत आणि तो पाठविण्याची रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. परंतु ईमेलच्या माथ्यावर तक्त्याचे नाव लिहायचे राहिले, की घेणारा संगणक अंदाजाने वाचतो. चिठ्ठी उर्दूत आणि वाचणारा ती गुजराती समजतो, तसलाच हा प्रकार.

घोळाचे रूप नीट पाहिले तर दोष कुठे आहे ते कळते. कापलेले ओ आणि रेघवाले यू वारंवार येत असतील, तर ती यूटीएफ-८ मधील अरबी किंवा उर्दू होय. एका अक्षराच्या जागी दोन चिन्हे दिसतात. मराठीच्या एका अक्षराची तीन होतात, आणि पहिले बहुधा रेघवाले छोटे ए असते. अक्षरास एकच चिन्ह आणि त्यात शेपटीवाले सी दिसले, तर जुन्या विंडोज-१२५६ चा संशय घ्यावा. या सर्वांत मजकूर शाबूत असतो, तक्ता बदलला की वाचता येतो. नुसते चौकोन दिसले तर बहुधा तुमच्या संगणकात त्या लिपीचा फॉन्ट नाही.

मात्र साधी प्रश्नचिन्हे ओळीने दिसली, तर समजा की वाटेत कुठल्या तरी यंत्राने न ओळखलेले प्रत्येक अक्षर टाकून तेथे प्रश्नचिन्ह लिहिले. त्या प्रतीतून मजकूर परत मिळणे नाही. मूळ पाठविणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावा.

खरा धोका आकड्यांत आहे. अरबी आणि देवनागरी आकडेही आस्कीच्या बाहेरचे. ओळीत "५०० नग" असेल तर ५०० चीही तीन प्रश्नचिन्हे होतात, आणि शेजारचा इंग्रजीतला भाव जसाच्या तसा राहतो. मग अंदाजाने माल भरला जातो. म्हणून नग, मीटर, भाव आणि बँक खाते इंग्रजी आकड्यांत लिहिण्याचा आग्रह धरावा. ते कोणत्याही सर्व्हरमधून सहसा धड पोहोचतात.

जुन्या मराठी फॉन्टची गोष्ट निराळी. कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला, तर समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात. छपाई व पत्रिकांचे काम करणाऱ्यांनी तो युनिकोडमध्ये बदलून किंवा पीडीएफ करून पाठवावा.

बिघडलेले ईमेल जाणकाराला दाखविताना मजकूर कॉपी करू नये, त्यात काही चिन्हे गळतात. मूळ ईमेल फाइल म्हणून जोडावे. दुकानाच्या वेबसाइटवरून येणाऱ्या ऑर्डरींतच प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला डेटाबेस तपासायला सांगा. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपूर्वी लॅटिन-१ हाच ठरीव तक्ता होता, आणि जुन्या साइटी त्यावरच उभ्या असू शकतात. तक्ता यूटीएफ-८-एमबी-४ करून घ्यावा, पण आधी बॅकअप घेऊन. त्यानंतर फॉर्ममधून मराठी, उर्दू आणि अरबी अशी तीन ओळींची खोटी ऑर्डर स्वतःच टाकून पाहावी.