क्रँकशाफ्टचा हब : एका बोल्टवर उभे असलेले इंजिन

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक कारागीर बांधव आहेत. इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचे काम ते सराईतपणे करतात. परंतु नव्या गाड्यांत एक जागा अशी आहे की जिथे हाताचा अंदाज चालत नाही. ती म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसणारा हब.

लूमवाल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. साध्या पॉवरलूममध्ये क्रँकशाफ्टचे २ फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा १ फेरा होतो. हा मेळ बिघडला की धोटा ताण्यात अडकतो आणि धागे तुटतात. इंजिनातही तोच हिशेब आहे. क्रँकशाफ्टच्या २ फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा १ फेरा. मेळ चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. नुकसान धाग्याचे नव्हे, पुऱ्या इंजिनाचे होते.

जुन्या पद्धतीच्या इंजिनांत गिअर सरकू नये म्हणून चावी असते. नव्या अनेक इंजिनांत ती नाही. हब, चेनचा गिअर आणि क्रँकशाफ्ट यांना मधला एकच बोल्ट दाबून धरतो. सारा भार त्या दाबावर आणि घर्षणावर. बीएमडब्ल्यूच्या २०१४ साली आलेल्या एम३ व एम४ गाड्यांतील एस५५ इंजिन याच जातीचे. ताकद वाढवलेल्या अशा इंजिनांत गिअर जागेवरून सरकल्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. म्हणून बाजारात चावीचे किंवा पिनचे वेगळे हब विकले जाऊ लागले.

हब परत बसवताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१) दाबाखाली येणारे सर्व पृष्ठभाग तपासावेत. खरवड असेल तर काढावी आणि पृष्ठभाग तेलविरहित करावेत. बोल्टच्या आट्यांना तेल लावावे की नाही, हे कंपनीच्या पुस्तकातच पाहावे. तेलामुळे त्याच टॉर्कला दाब बदलतो.

२) ऑईल सील नवे घालावे. हबवर सीलच्या जागी घासून खाच पडली असेल तर नवे सीलही गळेल.

३) घट्ट बसणारा हब हातोड्याने ठोकू नये. तो मार क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. आट्यांचे हत्यार वापरून हब सरळ ओढून घ्यावा.

४) जिथे कंपनीने सांगितले आहे तिथे बोल्ट नवाच घ्यावा. असा बोल्ट कसताना ताणला जातो. दुसऱ्यांदा तो तेवढा दाब देईल याची खात्री नसते.

५) टायमिंगच्या पिना फक्त जागा दाखवण्यासाठी असतात. बोल्ट कसताना इंजिन त्यांच्या जोरावर अडवू नये, पिन मोडते. हब धरण्याचे स्वतंत्र हत्यार वापरावे.

६) हवेच्या गनने शेवटचा कस देऊ नये. आधी टॉर्क पान्याने ठरलेला टॉर्क, मग ठरलेले अंश. दोन्ही आकडे त्याच इंजिनाच्या पुस्तकातले हवेत, शेजारच्या गाडीचे नव्हेत.

७) सर्व पिना काढून इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेने, पूर्ण २ फेरे फिरवावे. पिना पुन्हा सहज बसल्या तरच मेळ बरोबर. कुठे अडले तर जोर न लावता तिथेच थांबावे.

आता धंद्याची बाजू. गिऱ्हाईक म्हणते, "जुना बोल्ट चांगला दिसतो, तोच लावा." अशा वेळी काही कारागीर मुरवत म्हणून मान्य करतात. पण इंजिन बिघडले तर तेच गिऱ्हाईक ही गोष्ट विसरते आणि बदनामी गॅरेजची होते. म्हणून नवा बोल्ट आणि सील यांची रक्कम सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच वेगळी दाखवावी. जुने सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. बिलावर टॉर्क आणि अंश लिहावेत. गिऱ्हाईक तयार नसेल तर काम नम्रपणे नाकारावे. गाडी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. एका बोल्टची बचत करून ती धोक्यात घालणे हा घाट्याचा सौदा आहे.