विश्लेषण : वेगवान रॅममुळे जुन्या प्रोसेसरवर गेम सुसाट चालतात का?

एआय डेटा सेंटरकडून मेमरी चिपना मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने होणारी ग्राहकांसाठीची मेमरी विक्री बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी सात-आठ वर्षे जुना संगणक असलेल्या गेमरपुढे प्रश्न आहे, की अडखळणारे गेम सुरळीत चालवण्यासाठी वेगवान रॅम घ्यावी का? याचे उत्तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड या तिघांवर अवलंबून आहे.

रॅमचा ‘वेग’ म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर हवी असलेली माहिती आधी स्वतःच्या आतील कॅश मेमरीत शोधतो. ती तिथे नसेल, तर रॅमकडून मागवावी लागते आणि तोवर प्रोसेसरला थांबावे लागते. ‘डीडीआर४-३२००’ मधील आकडा सेकंदाला किती वेळा माहितीची देवाणघेवाण होते ते सांगतो. मात्र माहिती यायला किती वेळ लागतो, हे ‘सीएल’ या दुसऱ्या आकड्यावर ठरते. २१३३ वेगाच्या सीएल १५ रॅममध्ये हा विलंब सुमारे १४ नॅनोसेकंद, तर ३२०० वेगाच्या सीएल १६ रॅममध्ये १० नॅनोसेकंद असतो. पण ३२०० वेगाचीच सीएल २२ रॅम घेतली, तर तो पुन्हा १३.७५ नॅनोसेकंदांवर जातो. म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा पाहून घेतलेली रॅम प्रतीक्षा कमी करेलच असे नाही.

जुन्या रायझेनला फायदा अधिक का?

एएमडीचे पहिल्या पिढीचे रायझेन प्रोसेसर २०१७ मध्ये आले. रायझेन ५ १६०० सारख्या प्रोसेसरमध्ये कोअर दोन गटांत विभागलेले आहेत. हे गट एकमेकांशी आणि रॅमशी ‘इन्फिनिटी फॅब्रिक’ या अंतर्गत मार्गाने बोलतात. या मार्गाचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. २१३३ची रॅम असेल तर फॅब्रिक १०६६ मेगाहर्ट्झवर धावते, ३२००ची असेल तर १६०० मेगाहर्ट्झवर. त्यामुळे रॅम वेगवान केली, की प्रोसेसरच्या आतली वाहतूकही वेगवान होते. मात्र या पिढीची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. त्यापुढचा वेग प्रत्येक संगणकावर स्थिर राहीलच याची खात्री नसते. अनेकांना २९३३वर समाधान मानावे लागते.

इंटेलच्या प्रोसेसरचे काय?

इथे अडसर बहुधा मदरबोर्डचा असतो. सहाव्या ते आठव्या पिढीच्या काळातील एच आणि बी मालिकेचे मदरबोर्ड रॅमला प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत. कोअर आय५-८४०० साठी ती २६६६ आहे. अशा बोर्डावर ३६००ची महागडी रॅम लावली, तरी ती २६६६वरच चालते. झेड मालिकेच्या बोर्डावर मात्र ही मर्यादा ओलांडता येते.

फरक केव्हा दिसतो, केव्हा नाही?

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी सातपेक्षाही कमी. त्यामुळे काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या, भरपूर फ्रेम अपेक्षित असलेल्या गेममध्ये प्रोसेसरवर ताण येतो आणि रॅमचा वेग जाणवतो. फायदा सरासरी फ्रेमपेक्षा अनेकदा सर्वांत संथ फ्रेममध्ये, म्हणजे मध्येच बसणारे झटके कमी होण्यात दिसतो. उलट ग्राफिक्स कार्डच दमलेले असेल, तर प्रोसेसर त्याच्यासाठी थांबून राहतो. मग रॅम कितीही वेगवान असो, फ्रेम तेवढ्याच.

हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. वाढल्या नाहीत तर संशय प्रोसेसर आणि रॅमवर घ्यावा.

वेग, जोडी की क्षमता?

या तिघांत वेगाचा क्रमांक शेवटचा. एकूण आठ जीबी रॅम असेल आणि गेमला ती अपुरी पडत असेल, तर विंडोज डिस्कचा आधार घेते आणि गेम अडखळतो. तिथे आधी क्षमता वाढवायला हवी. एकच स्टिक असेल, तर दुसरी जोडून ‘ड्युअल चॅनेल’ मिळवणे अधिक मोलाचे. २६६६ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती पुरवते, दोन स्टिक ४२.७ जीबी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या रायझेन ३ २२००जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण त्यातील ग्राफिक्स याच रॅमवर चालते. मात्र वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या, तर दोन्ही कमी वेगाच्या स्टिकप्रमाणे चालतात.

खर्चापूर्वी काय तपासावे?

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’वर क्लिक केल्यास रॅमचा सध्याचा वेग आणि वापरात असलेले स्लॉट दिसतात. ३२००ची म्हणून घेतलेली रॅम तिथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, तर बायोसमधील ‘एक्सएमपी’ प्रोफाइल बंद आहे. काही मदरबोर्डवर त्याला ‘डीओसीपी’ म्हणतात. मदरबोर्डची मर्यादा आड येत नसेल, तर ते सुरू केल्यावर वेग एक रुपयाही न खर्चता वाढतो. त्यानंतर संगणक अचानक बंद पडू लागला, तर वेग एक पायरी खाली आणावा.

एवढे करूनही गेम अडखळत असतील आणि प्रोसेसर पहिल्या पिढीचा रायझेन असेल, तर पैसे रॅमवर घालण्यापेक्षा प्रोसेसर बदलणे शहाणपणाचे. अनेक जुन्या एएम४ मदरबोर्डवर बायोस अपडेट केल्यानंतर रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात आणि आहे तीच डीडीआर४ रॅम वापरता येते. त्यातील ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, १६००च्या सहापट. त्यामुळे रॅमकडे धाव घेण्याची वेळच कमी येते. शिवाय पहिल्या पिढीचे रायझेन विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा संगणकासाठी आजच्या भावात नवी रॅम घेण्याआधी हा हिशेबही मांडायला हवा.