टाळू जुळते कधी?

सुप्यात आमच्या गल्लीत एक काकू आहेत. त्यांच्या मुलाचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. आता तो एमआयडीसीत कामाला जातो, टाक्यांची खूण मिशीत लपते. पण काकूंना अजून ऐकावं लागतं, "ग्रहणात विळीवर बसली होतीस ना!" मी भ्रूणविकासावर पीएचडी करते हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "खरंच माझ्यामुळं झालं का गं?"

आधी तारखा बघू. आठवडे गर्भधारणेपासून मोजतेय. चौथ्या आठवड्यात चेहरा म्हणजे तोंडाच्या खळग्याभोवतीचे पाच फुगवटे: वर एक, बाजूंना दोन, खाली दोन. त्यांत भरलेल्या बहुतेक पेशी 'न्यूरल क्रेस्ट' नावाच्या, मेंदू ज्या नळीतून बनतो तिच्या काठावरून चालत आलेल्या. हे फुगवटे वाढत एकमेकांना भिडतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ सांधला जातो. ही भेट चुकली की ओठ दुभंगतो. टाळूची गोष्ट जास्त मजेशीर आहे. तिच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली सरकते, फळ्या आडव्या होतात, मध्ये भिडतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत जुळतात.

म्हणजे पाळी चुकल्यावर साधारण पाच आठवड्यांत ओठाचं काम संपलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो फाटणार कसा?

"आणि ग्रहण दुसऱ्याच महिन्यात असेल तर?" हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर छान, संशोधनाला तो लागतोच. ग्रहणं साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. सगळी आपल्याकडे दिसत नाहीत, पण नऊ महिन्यांत एखादं जगात कुठेतरी होतंच. बाळ धडधाकट असेल तर ते कुणाला आठवत नाही. ओठ दुभंगलेला असेल तर सगळी आळी पंचांग काढते. नोंदी गोळा करताना हा आठवणीचा पक्षपात तुम्हालाही छळणार आहे.

खरी कारणं गुंतागुंतीची आहेत. आयआरएफ६ सारखी जनुकं (ती बापाकडूनही येतात, हे कुणी बोलत नाही), धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं. ती औषधं मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत. बहुतेक घरांत एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

मॉडेल निवडतानाची एक गंमत. आमच्या पारनेर भागात पोल्ट्रीची अंडी सहज मिळतात आणि कोंबडीच्या भ्रूणात ओठ-जबड्याचे फुगवटे छान दिसतात. पण पक्ष्यांची टाळू मुळातच पूर्ण जुळत नाही! टाळूसाठी उंदीरच लागतो. मराठीत डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळूच म्हणतात. तिथे उलटं आहे: मेंदू वाढत असतो म्हणून कवटीचे सांधे उघडे राहायला हवेत. ते लवकर बुजले तर डोक्याचा आकार बिघडतो, कधी मेंदूवर दाबही येतो.

जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला दुभंगलेला ओठ किंवा टाळू असते. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांत, टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत. पंढरपुरात जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी इकडे येऊन अशा शस्त्रक्रिया फुकट करत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा दोष धरला जातो, पुढचे उपचारही मोफत मिळतात. टाके पडले म्हणजे संपलं असं मात्र नाही. बोलण्याचे व्यायाम, कान, दात हे बरीच वर्षं चालतं. आपल्याकडे नेमकं तेच सुटतं.

काकूंची सून आता पाचव्या महिन्यात आहे, तिलाही सुरी धरू देत नाहीत. आई-बापापैकी एकाला हा दोष असेल तर बाळात येण्याची शक्यता तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास असते, हे मी काकूंना सांगितलं. ओठ जुळायचा तो जुळलाय, तो सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतो, नुसती टाळू मात्र नीट दिसत नाही, हेही सांगितलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मग पोरीला भाजी चिरू दे की."