सासूबाईंचं लग्न, आजीबाईंची शाळा : जोडीदार गेल्यानंतरची दुसरी सुरुवात

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा कसारा लोकलमध्ये वासिंदच्या पुढे रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय थोडा नाजूक आहे. नवरा किंवा बायको गेल्यावर माणूस पुन्हा सुरुवात कशी करतो? आणि हे सगळं हलक्याफुलक्या कौटुंबिक मालिकेत सांगता येतं का? मराठीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे झी मराठीवरची 'अग्गंबाई सासूबाई'. २०१९ च्या जुलैमध्ये सुरू झाली, २०२१ च्या मार्चमध्ये संपली. शहापूर-मुरबाडकडे संध्याकाळी टीव्ही लागणाऱ्या घरांत ही मालिका माहीत नाही असं माणूस विरळाच.

गोष्टीची रचना

आसावरी (निवेदिता सराफ) तरुणपणीच विधवा झालेली. मुलगा सोहम, म्हणजे बबड्या (आशुतोष पत्की), आणि कडक स्वभावाचे सासरे (रवी पटवर्धन) यांच्या सेवेत तिचं आयुष्य गेलंय. घरात सून येते, शुभ्रा (तेजश्री प्रधान). शेफ अभिजित राजे (गिरीश ओक) आसावरीच्या आयुष्यात येतात आणि सासूचं लग्न लावून द्यायला पुढे होते ती सून.

आता गंमत बघा. आपल्याकडे सासू-सून ही जोडी म्हणजे भांडणाची डिफॉल्ट सेटिंग. इथे तीच सेटिंग उलटी केली. सून सासूची वकील झाली आणि विरोध आला पोटच्या मुलाकडून. हा विरोध धर्माचा किंवा रूढीचा आव आणत असला, तरी आत काय आहे ते प्रेक्षकाला कळतं. माझा डबा कोण करणार? माझी आई माझीच राहणार ना? बबड्या खलनायक नाही. तो लाडावलेला आहे, म्हणून आपल्याला हसू येतं आणि हसता हसता आपल्याच घरातला कोणीतरी आठवतो.

विनोद इथे हेच काम करतो. भाषण दिलं असतं तर लोकांनी चॅनेल बदललं असतं. 'आईलाही सोबत लागते' हे वाक्य वरणभाताच्या आणि रुसव्याफुगव्याच्या मधून आलं, म्हणून ते सासऱ्यांच्या पिढीनेही ऐकून घेतलं.

पण हे शहरातलंच आहे का?

नाही. उलट आपल्या भागात ही गोष्ट जुनी आहे. कुणबी, ठाकूर, कातकरी आणि इतर कितीतरी समाजांत विधवेचं दुसरं लग्न पूर्वीपासून होत आलंय. त्याला 'पाट' म्हणतात, काही ठिकाणी 'मोहतूर'. बंदी होती ती मुख्यतः ब्राह्मण आणि स्वतःला वरचं समजणाऱ्या जातींत. म्हणून तर महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा केवढा गहजब झाला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळीही काढली.

अर्थात पाटाचा मान पहिल्या लग्नाएवढा नव्हता. वाजतगाजत वरात नाही, चार जाणत्या माणसांसमोर, बऱ्याचदा रात्रीच, विधी उरकायचा. मुलं बहुतेक वेळा बापाच्या घरी राहायची. म्हणजे परवानगी होती, पण आनंद करायची मुभा कमी होती. मालिकेने नेमकं तेच दिलं. पन्नाशीतल्या बाईचं लग्न, आणि तेही हौसेने.

लग्न हीच एक सुरुवात नाही

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची, मदत मोतीराम दलाल ट्रस्टची. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. वर्ग दुपारी, म्हणजे घरातली आणि शेतातली कामं आटोपल्यावर. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढीच आजींची इच्छा.

यातल्या कितीतरी आजी विधवा. ज्या वयात बाईने कोपऱ्यात बसून नातवंडं सांभाळावीत असं धरलं जातं, त्या वयात त्या गुलाबी साडी नेसून गावातून चालत शाळेत जायच्या. आणि शिकवणारी कोण? गावातलीच एक सून, जिची सासू तिच्याच वर्गात बसायची! 'अग्गंबाई सासूबाई' यायच्या तीन वर्षं आधी सासू-सुनेची ही जोडी आपल्या मुरबाडात होती.

तिसरं उदाहरण कोल्हापूरचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. इथे लग्नाचा विषयच नाही. बाई जशी होती तशी राहू दे, एवढंच मागणं आहे.

मालिकेत न येणारा भाग : कागद

मालिकेत आसावरी लग्नानंतर सातबाऱ्याची चिंता करत नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच येतो. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यापासून तर जमिनीचा विषय निघाला की घरातला आवाजच बदलतो. 'दुसरं लग्न केलंस तर इथला हक्क गेला' असं बाईला सांगितलं जातं. हे खरं आहे का?

१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. तो कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवरा मरण पावतो त्या क्षणी बायको वारस होते आणि मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. मात्र हा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही. त्यामुळे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी भगिनींनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारून घ्यावं. तिथे गरजूंना मोफत सल्ला मिळतो.

पेन्शनचं गणित वेगळं. नवरा आसनगावच्या किंवा मुरबाड एमआयडीसीच्या कारखान्यात पीएफवाला कामगार असेल, तर ईपीएसची विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर बंद होते. २५ वर्षांखालच्या मुलांना मात्र पेन्शन मिळते. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये विधवा म्हणून मिळत असतील, तर तेही थांबतात. अपघाताच्या भरपाईबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, की पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा दावा नाकारता येणार नाही.

म्हणजे जमीन राहते, पेन्शन जाते. नात्यातले लोक बरोबर उलटं सांगून घाबरवतात, किंवा काहीच सांगत नाहीत. म्हणून निर्णयाच्या आधी वारस नोंद झाली आहे का, सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का, एवढं तलाठ्याकडे बघून घ्या.

शेवटचं

आपल्या पिढीतले बरेच जण ठाण्या-मुंबईला, पुण्याला नोकरीत आहेत. गावच्या घरात एकटी आई असते, किंवा एकटे वडील. आपण रोज फोन करतो आणि 'जेवलीस का' विचारतो. तो प्रश्न चांगलाच आहे, पण त्याला जोडून अजून एक विचारता येईल : 'तुला काय करावंसं वाटतं?' उत्तर लग्न असेल, वारी असेल, पाटीवर स्वतःचं नाव लिहिणं असेल, नाहीतर नुसतं कुंकू लावून हळदीकुंकवाला जाणं असेल. उत्तर तिचं. आपण फक्त बबड्या व्हायचं नाही.

तुमच्या गावात असं कोणी पुन्हा उभं राहिलेलं असेल, तर त्यांना विचारून, नाव न घालता आम्हाला लिहा. पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटूया, काळजी घ्या.