मुले झोपलेली नसतात

लकडगंजात आरामशीनचा आवाज दिवसभर चालू असतो. आमच्या वर्गातील मुलांना त्याची सवय आहे, कोणी दचकत नाही. पण एकदा हातातून डस्टर पडले आणि दुसरीतल्या एका मुलाने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले.

त्याच्या आईला बोलावले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, भांडण रात्री होते. तेव्हा पोरं झोपलेली असतात." मुलाने मात्र कोणत्या रात्री काय फुटले, तेही आम्हाला सांगितले होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्या घरांतील मुले आमच्या बाकांवर बसतात. कोणाचे सारखे पोट दुखते, कोणी अंथरूण ओले करते, कोणी मारामारी करते, कोणी बोलतच नाही. अनेकांना वाटते, आपल्यामुळेच अब्बांना राग येतो.

आमचीही चूक झाली आहे. गृहपाठ केला नाही म्हणून आम्ही एका मुलाच्या वडिलांना चिठ्ठी पाठवली. त्या संध्याकाळी मार आईने खाल्ला. आता चिठ्ठीआधी आम्ही मुलाशी बोलतो.

मूल सावरायचे तर आधी मारहाण थांबली पाहिजे. मग त्याला वारंवार सांगावे, "यात तुझी काही चूक नाही." जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा पाळाव्यात. खोदून विचारू नये. बोलेल तेव्हा ऐकावे. आई-वडिलांमधील निरोप त्याच्या हाती देऊ नयेत. नानी, मामू, खाला, कोणीतरी एक मोठे माणूस त्याचे हक्काचे असावे.

'सब्र कर' एवढेच सांगून मुलीला परत पाठवू नका. रसूलुल्लाह (स.) यांनी पत्नीवर कधी हात उचलला नाही, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात संरक्षण, राहत्या घराचा हक्क आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. नागपुरात पोलिसांचे भरोसा सेल आहे. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

आणि शेजारून आवाज आला, तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून खिडकी लावू नका. साखर मागायच्या निमित्ताने का होईना, दार वाजवा. आत एक मूल जागे असते.