गोळी पोटात, औषध कुठे?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत नाहीतर जैनांच्या वरघोड्यात. अंगावर जरीची झूल, पुढे बेंजो पार्टी, वर मे महिन्याचं ऊन. त्याच्या चंदीपाण्याची आणि नालांची काळजी मोतद्दार घेतो. हृदयाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि त्याला कारणही आहे. शर्यतीच्या घोड्याचं हृदय बिघडलं तर महालक्ष्मीच्या मैदानावर तो सगळ्यांदेखत मागे पडतो. वरातीच्या घोडीला मात्र दोन-तीन तास पावलापावलाने चालायचं असतं. तेवढं काम बिघडलेलं हृदयही वर्षानुवर्षं निभावून नेऊ शकतं.

ते ऐकायचं तर डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप आत सरकवावा लागतो. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४०. माणसांच्या छातीची सवय झालेल्या कानाला ते भलतेच संथ वाटतात. त्यात तीन-चार ठोक्यांनंतर एखादा चक्क गळतो आणि नवखा डॉक्टर दचकतो. पण निरोगी घोड्यात हे नेहमीचंच. दुडक्या चालीने चार फेऱ्या मारल्या की गळणारा ठोका परत येतो. धास्ती असते ती ठोक्यांना कसलाच ताल न उरण्याची. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. घोड्यात हा बिघाड बाकी धडधाकट हृदयातही होतो, कारण त्याचे वरचे कप्पे एवढे मोठे की एकदा सुरू झालेली थरथर त्यांत सहज टिकते. माणसाच्या नाडीतला असाच गोंधळ या थरथरीमुळे होतो हे उलगडताना लंडनच्या थॉमस लुइस यांनी १९११ च्या सुमारास घोड्यांचंही हृदय तपासलं होतं.

निदान झालं की मोह सुरू होतो. उपनगरात औषधाचं दुकान गल्लोगल्ली आहे आणि हृदयाच्या गोळ्या बऱ्याच घरांत फ्रिजवरच्या डब्यात असतात. माणूस साठ किलोचा, घोडा साडेचारशेचा. मग सात-आठ पट गोळ्या गुळात घालून चारल्या की झालं! हा हिशेब जवळजवळ प्रत्येक औषधात फसतो.

लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचंच बघा. माणसाने गिळलेल्या गोळीतलं साधारण निम्मं औषध रक्तात पोचतं. घोड्यात तोंडावाटे दिलं तर जेमतेम विसावा हिस्सा. तेच शिरेत टोचलं तर पंधरा-वीस मिनिटांत तो लघवी करू लागतो आणि चारेक तासांत त्याचं वजन दहा-बारा किलोंनी उतरू शकतं. रक्तदाबाची एनालाप्रिल तर घोड्याच्या आतड्यातून जवळजवळ आत शिरतच नाही. ठोके आवरणाऱ्या डिगॉक्सिनचा साधारण पाचवा हिस्सा शोषला जातो, म्हणून शिरेतून एक मिलिग्रॅम लागत असेल तिथे तोंडावाटे पाच द्यावे लागतात. पाव मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या! शिवाय या औषधाचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत फार अंतर नसतं. ते चढलं की घोडा आधी चंदी टाकतो, मान खाली घालून उभा राहतो.

पोटाची रचनाही वेगळी. एवढ्या देहाला जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, पुढे सुमारे वीस मीटर लहान आतडं, आणि त्यानंतर चारा आंबवणारी मोठी आतडी. काही औषधं गवताला चिकटून शोषणाची जागा ओलांडतात आणि पुढे चारा आंबताना सुटतात. त्यामुळे तोबरा आधी की औषध आधी, हा प्रश्न डॉक्टरने विचारायलाच हवा. घोड्याला उलटीही होत नाही. पोटात गेलेलं परत काढायचं तर नळीच हवी.

नळीचं काम बघण्यासारखं असतं. थरथरीवरचं जुनं औषध क्विनिडिन, क्विनाइनसारखंच सिंकोनाच्या सालीतलं. ते तोंड सोलून काढेल इतकं दाहक, म्हणून नाकातून नळी घालून थेट जठरात सोडतात. मोतद्दार डोकं धरतो, नळी हळूहळू सरकते, घोडा गिळतो आणि मानेच्या डाव्या बाजूला तिचा फुगवटा खाली उतरताना दिसतो. तो दिसला नाही तर पुढे जायचं नाही. नळी श्वासनलिकेत असेल तर औषध फुप्फुसात जाईल.

डोस किलोमागे २२ मिलिग्रॅम, म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला दर खेपेला दहा ग्रॅमच्या आसपास. दर दोन तासांनी द्यायचा, फार तर चार ते सहा वेळा. ताल जमला किंवा त्रास दिसला तर लगेच थांबायचं. रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला दोन ते पाच मायक्रोग्रॅममध्ये राहिलं पाहिजे. त्यावर गेलं की नाकाची त्वचा आतून सुजून घोडा घोरू लागतो, अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात. कधी ठोके अचानक शंभरावर जातात. ते आवरायला डिगॉक्सिन द्यावं, तर क्विनिडिनमुळे त्याचंही रक्तातलं प्रमाण वाढतं.

या सगळ्यात घामाचा वाटा मोठा. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट, आणि त्यातून पोटॅशियम भरपूर जातं. ते कमी झालं की हृदयाचा ताल आणखी अस्थिर होतो आणि डिगॉक्सिन अधिक विषारी ठरतं. वर लॅसिक्स टोचलेलं असेल तर लघवीतूनही तेच जातं. म्हणून उकाड्यात वरातीत चाललेल्या घोड्याला औषध देण्याआधी रक्ततपासणी हवी. चारा खाणाऱ्या घोड्याची पोटॅशियमची भरपाई गवतातून होते. खाणं सुटलेल्याची होत नाही.

कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला दुसरी वाट रुळली: घोड्याला भूल द्यायची, गळ्याच्या शिरेतून तारा हृदयात न्यायच्या आणि विजेचा झटका द्यायचा. आतड्याचा प्रश्नच मिटला. पण त्यासाठी घोड्याला भूल देण्याची जागा आणि पथक लागतं, खर्चही मोठा. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोरेगावला आरेत त्याचा परिसरही आहे. तरी वरातीच्या घोडीसाठी एवढा खर्च करणारा मालक विरळाच. तिच्या बाबतीत डॉक्टरही अनेकदा औषधाच्या वाटेला न जाता काम कमी करायला सांगतात. बिघाड ताजा असेल तर एक-दोन दिवस नुसती वाट बघतात, कारण कित्येकदा ताल तेवढ्यात आपोआप जमतो.