काळ्या मातीवरचा हैदराबादचा रस्ता

सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा या गावांवरून हैदराबादला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६५ चा भाग आहे. १९४८ पर्यंत मात्र तो शेजारच्या राज्यात नेणारा रस्ता होता. सोलापूर मुंबई प्रांतात, तर नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते. देश स्वतंत्र झाल्यावरही निजामाचे संस्थान भारतात सामील झाले नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने याच रस्त्याने पुढे सरकले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्याने त्वरेने ताब्यात घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

सैन्याला रस्ता सोडून रानातून जाता आले नसते का? सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाचा महिना. भिजलेल्या काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतते, मग जड ट्रकची काय कथा!

याचे कारण मातीच्या कणांत आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. कागदाच्या गठ्ठ्यासारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात. थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि मऊ होते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि भेगाळते.

अशा मातीवर रस्ता टिकतो कसा? समजा, ट्रकच्या एका चाकावर २,००० किलोग्रॅम भार आहे आणि ते २० सेंटीमीटर बाजूच्या चौरसावर टेकले आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर ५ किलोग्रॅम भार आला. खाली ३० सेंटीमीटर जाडीचा खडी-मुरुमाचा थर असेल आणि भार त्यातून ४५ अंशांनी पसरत असेल, तर मातीवर तो ८० सेंटीमीटर बाजूच्या चौरसावर विभागला जातो. क्षेत्रफळ १६ पट झाले, म्हणून दाब सोळावा हिस्सा उरला.

पण एवढ्याने भागत नाही. स्कॉटलंडचे जॉन मॅकअॅडम (१७५६–१८३६) यांनी ओळखले होते, की भार अखेर जमीनच पेलते आणि ती कोरडी असेल तरच पेलते. म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात, कडेने गटारे आणि जागोजाग मोऱ्या बांधतात. कुणी गटार बुजवले की पाणी कडेने आत मुरते, रस्ता खचतो आणि वाहने उलटतात. गटारात राडारोडा टाकणारा नकळत रस्ताच खणत असतो.

आता हा प्रयोग करून पाहा. वाळलेली काळी माती बारीक करून चाळा. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० मिलीलिटर माती घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल १०० मिलीलिटरपर्यंत भरा, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेल थरांत शिरत नाही, त्यामुळे त्यातली माती फुगत नाही. दोन्हींतील मातीची उंची मोजा आणि फरक वहीत नोंदवा. नंतर हाच प्रयोग मुरुमाचा चाळ घेऊन करा. रस्त्याखाली मुरूम का घालतात, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.